दारात 'आर', विहिरीवर 'ईर'

"डॉक्टर, हल्ली काही म्हणता काही लक्षात राहत नाही. एखादी गोळी द्या." दवाखान्यात ताप-खोकल्याच्या खालोखाल हे वाक्य ऐकण्याची मला सवय झाली आहे. कोणी परीक्षेला बसलेला असतो, कोणी नुकताच निवृत्त झालेला असतो, तर कोणी सुनेने आग्रह केला म्हणून आलेला असतो. या सदरात आहार, व्यायाम, झोप यांविषयी पुष्कळ लिहून झाले. आज जरा वेगळी हकिगत सांगणार आहे. तिच्यात पोर्तुगीज भाषेची क्रियापदे आहेत, पेडण्यातले एक घर आहे आणि माझी आई आहे. आरोग्याच्या सदरात क्रियापदे कशाला, असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

माझी आई मूळची पेडण्याची. तिचा जन्म १९३७ सालचा, म्हणजे गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असतानाचा. घरी मराठी आणि कोकणी, शाळेत मात्र पोर्तुगीज. त्या शाळेत ती 'सेगुंद ग्राव'पर्यंत शिकली. पुढे १९५८ साली लग्न होऊन सावंतवाडीला आली आणि तिची पोर्तुगीज तिथेच सुटली. घरात कधी ती भाषा बोलल्याचे मला आठवत नाही. आम्ही मुले चिडवायचो, "आई, फिरंग्यांचं काहीतरी म्हण ना!" ती हसून विषय टाळायची.

२०१८ पासून आईचे विसरणे वाढले. प्रथम तेच तेच प्रश्न. नंतर गॅसवर दूध ठेवून देवळात जाणे. मग एकदा शेजारच्या गल्लीत उभी राहून आमचे घर कुठे म्हणून विचारत होती. तपासण्या झाल्या आणि स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. मी स्वतः डॉक्टर असूनही ते स्वीकारायला मला बराच काळ लागला, हे येथे कबूल करतो. सुरुवातीचे सहा महिने मी तिला "आई, आत्ताच सांगितलं ना तुला!" असे म्हणत होतो. रुग्णांच्या नातेवाइकांना जे करू नका म्हणून सांगायचे, तेच घरी करत होतो.

२०२१ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली होती. आई पलंगावर बसून पाय हलवत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटले, स्तोत्र म्हणत असेल. जवळ जाऊन ऐकले तर, "एउ तेन्यु, तु तेंश, एल तें, नोश तेमुश, वोश तेंदश, एलश तेंएं." पाढे म्हणावेत तशा चालीत. मी विचारले, "आई, हे काय म्हणतेस?" ती म्हणाली, "उद्या मेश्त्रीण विचारणार आहे." दुपारी काय जेवली ते तिला सांगता येत नव्हते आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या मास्तरणीचा अभ्यास मात्र तोंडपाठ होता.

यात चमत्कार काही नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो याने १८८१ सालीच लिहून ठेवले आहे की, स्मृती ढासळताना नवी आधी जाते आणि जुनी नंतर. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानशिलाच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. नव्या आठवणी नोंदवण्याचे काम मुख्यतः त्याचे. अल्झायमरच्या आजारात हा भाग आणि त्याला लागून असलेला भाग लवकर बिघडतो. वर्षानुवर्षे घोटलेले जे असते ते मेंदूच्या इतर भागांत पसरून मुरलेले असते. ते अधिक काळ टिकते.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही याचे कारण शास्त्रीय नव्हते. आई माझ्याशी ज्या भाषेत बोलत होती ती मराठी दिवसेंदिवस आखडत चालली होती, आणि तिच्याजवळ अजून शाबूत असलेल्या एका भाषेतले मला एक अक्षर कळत नव्हते. शिवाय दुसरे एक कारण होते. त्याच आठवड्यात एका रुग्णाला चिठ्ठी लिहून देताना रोज शंभर वेळा लिहिलेले औषधाचे नाव मला पाच मिनिटे आठवले नव्हते. आईचा मुलगा आहे, तेव्हा पुढे काय, हा विचार मनात आल्याशिवाय कसा राहील? दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. स्वतःचे रक्त तपासायला दिले आणि पोर्तुगीज व्याकरणाचे एक जुने पुस्तक मागवले.

पगाराची ओळख, बाकी अंधार

पोर्तुगीज शब्द मराठी माणसाला अगदीच परके नाहीत. चावी, बादली, घमेले, पाव, बटाटा हे सारे तिकडूनच आलेले. 'पगार' हे तर चक्क क्रियापद आहे. तिकडे त्याचा अर्थ 'पैसे चुकते करणे', आणि उच्चारही जवळजवळ आपलाच. पण नामे ओळखीची असली तरी क्रियापदे पाहिली की घाम फुटतो. क्रियापदांचे तीन गट: 'आर', 'एर' आणि 'ईर' हे शेवट असणारे. प्रत्येकाची पुरुषाप्रमाणे सहा रूपे, आणि ती काळागणिक निराळी. आपण 'जातोस' म्हटले की 'तू' वेगळा सांगावा लागत नाही, तसेच तिथेही आहे. 'जातो-जाते' हा लिंगाचा भेद तेवढा तिकडे नाही, ही एक सवलत. मात्र रोजच्या वापरातली नेमकी क्रियापदे अनियमित आहेत. 'ईर' म्हणजे जाणे, आणि त्याचे 'मी जातो' हे रूप 'वोउ'! दोघांत एक अक्षर सारखे नाही.

मी वयाच्या साठीत पाठांतराला बसलो. सकाळी पाठ केलेले संध्याकाळी गायब. जर्मन संशोधक एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की, अर्थहीन अक्षरे पाठ केली तर विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने होते. त्याचा अनुभव मी रोज घेत होतो. आईला ते कसे जमले? ती लहान होती आणि ते चालीवर होते. आपल्याकडचे सगळे जुने पाठांतर नादावर उभे आहे. पाढे, पावकी-निमकी, रामरक्षा, थेट वेदांच्या घनपाठापर्यंत. मला तो नाद लहानपणी मिळाला नव्हता आणि आता कान तेवढा तिखट राहिलेला नव्हता.

तेव्हा आठवली ती दुसरी रीत, स्थळांवर उभी असलेली. वैद्यकीय महाविद्यालयात असताना एका मित्राने ती सांगितली होती आणि आम्ही तिची थट्टा केली होती. तिची कथा अशी सांगतात की, प्राचीन ग्रीसमध्ये सिमोनिदीस नावाचा कवी एका मेजवानीतून काही कामासाठी बाहेर गेला आणि तेवढ्यात छप्पर कोसळले. प्रेते ओळखू येईनात. पण कोण कुठे बसले होते हे डोळ्यांसमोर आणून त्याने एकेक नाव सांगितले. ही कथा रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ५५ च्या सुमारास लिहिली. ओळखीच्या घरातून मनाने चालत जायचे आणि लक्षात ठेवायची एकेक गोष्ट एकेका जागी ठेवून द्यायची, ही ती रीत. युरोपात तिला 'स्मृतीचा महाल' म्हणतात.

या रीतीचा एक मोठा जाणकार आपल्या शेजारी येऊन राहून गेला आहे, हे मला नंतर वाचताना कळले. मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट पाद्री १५७८ साली लिस्बनहून गोव्याला आला. गोव्यात आणि कोचीनला मिळून चार वर्षे राहिला आणि १५८२ मध्ये चीनकडे गेला. तेथे त्याने चिनी विद्वानांसाठी ही स्मरणाची रीत चिनी भाषेत लिहून काढली. पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाच्या पहिल्या प्रयत्नांतही त्याचा हात होता असे मानले जाते. तेव्हा पोर्तुगीज भाषा आणि स्मृतीचा महाल यांची गाठ काही मी पहिल्यांदा घातलेली नाही.

आजोळचे घर

महाल कोठून आणायचा? मी आजोळचे घर निवडले. प्रत्यक्षात ते आता नाही. मामांनी १९८८ साली विकले, पुढे ते पाडले गेले आणि तिथे दुसरी इमारत उभी राहिली. पण शाळेतल्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथे घालवल्या होत्या. डोळे मिटले की पायांना वाट आपोआप सापडते.

सुरुवातीला मी चूक केली. प्रत्येक क्रियापदाच्या प्रत्येक रूपाला वेगळी जागा द्यायला लागलो. आठ दिवसांत त्या घराची जत्रा झाली. देवघरात फळीवर सहा माणसे, माजघरात अठरा, कोण कुठला काही कळेना. मग थांबलो आणि वाट नव्याने आखली.

तीन गटांना घराच्या तीन बाजू दिल्या. 'आर' सगळे दाराकडे, कारण 'दार' या शब्दातच 'आर' आहे. 'एर' सगळे कण्हेरीकडे. 'ईर' सगळे विहिरीवर. गंमत अशी की 'दार' हेच पोर्तुगीजमधले क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ देणे! तेव्हा दारात आजी उभी आहे आणि येणाऱ्या भिक्षेकऱ्याला सुपाने तांदूळ देते आहे, हे चित्र. ('तो देतो' याचे रूप 'दा'. संस्कृतातला 'दा' धातू आणि हा, दोघे एकाच प्राचीन मुळाचे.)

आता वाट सांगतो. रस्त्यावर वडाचा पार. 'पारार' म्हणजे थांबणे, तेव्हा गावातले सगळे म्हातारे पारावर थांबलेले. पुढे व्हाळ, त्यात मामा पोहतो आहे, 'नदार' म्हणजे पोहणे. व्हाळाला नदी म्हणण्याइतके पाणी श्रावणातच असे, पण चित्राला तेवढी मुभा द्यावी. मग अंगणात कपडे वाळत घालण्याची तार. 'श्तार' म्हणजे असणे, पण तात्पुरते असणे. कपडे आता आहेत, तासाने नसतील. ओसरीवर आजोबा गड्यांना पगार देत आहेत आणि बाजूला कोणीतरी गाते आहे. 'कांतार' म्हणजे गाणे. गोव्यात कोकणी गीतांना आजही 'कांतार' म्हणतात.

दारातून आत न जाता उजवीकडे वळले की शेराचे कुंपण आणि कण्हेर. पोर्तुगीजमध्ये असण्याला दोन क्रियापदे आहेत आणि शिकणाऱ्यांचा तिथे हमखास गोंधळ होतो. दुसरे असणे 'सेर', ते कायमचे. शेराचे कुंपण एकदा लावले की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. तार आणि शेर ही दोन चित्रे मनात बसल्यापासून 'श्तार' आणि 'सेर' यांत माझी गल्लत फारशी झालेली नाही. कण्हेरीखाली साक्षात कुबेर जेवायला बसला आहे ('कुमेर' म्हणजे खाणे). कण्हेरीआडून वैर धरलेला शेजारी टक लावून पाहतो आहे ('वेर' म्हणजे पाहणे). आणि सायकलवरून पाव विकणारा पोदेर चढ चढू शकेल की नाही, अशा बेताने धापा टाकत येतो आहे. 'पुदेर' म्हणजे शकणे.

मागे विहीर. काठावरच्या आंब्याची कैरी पाण्यात पडते, धप्प! 'कईर' म्हणजे पडणे. विहिरीतून ढाल-तलवार घेतलेला एक वीर वर येतो, 'वीर' म्हणजे येणे. ही दोन चित्रे मला एका क्षणात सुचली आणि पुन्हा कधी पुसली गेली नाहीत. चित्र जितके विचित्र, हलणारे आणि आवाज करणारे, तितके ते पक्के बसते. सभ्य चित्रे विसरतात. माझी काही चित्रे छापण्यासारखी नाहीत, ती गाळली आहेत.

घराच्या मध्ये राजांगण होते, चार खांबांचे. चालू भूतकाळात, म्हणजे 'असे, येत असे' या अर्थी, पोर्तुगीजमध्ये फक्त चार क्रियापदे अनियमित आहेत. चार खांब, चार क्रियापदे. पहिल्या खांबापाशी एरंडेलाची बाटली असे: 'एरा', म्हणजे असे. दुसऱ्याशी आजोबांच्या तिन्ही गाई बांधलेल्या: 'तीन्या', म्हणजे जवळ असे. तिसऱ्याशी शेजारचा विन्या रोज येत असे: 'वीन्या', येत असे. चौथ्यापाशी पुण्याला जाणारी ट्रंक ठेवत असत: 'पून्या', ठेवत असे. हे चार शब्द पुस्तकातल्या तक्त्यावरून मला तीन आठवड्यांत आले नव्हते. खांबांवर एका दुपारी आले.

अडलो कुठे तेही सांगायला हवे. 'असणे' आणि 'जाणे' यांची भूतकाळाची रूपे पोर्तुगीजमध्ये एकच आहेत: 'फुइ, फोश्त, फोय'. 'तो होता' आणि 'तो गेला' दोन्हीला 'फोय'. एक शेराच्या कुंपणाशी आणि दुसरे विहिरीवर, मग ही रूपे ठेवायची कुठे? शेवटी पोदेराच्या भोंग्याचा 'पोंय' आवाज कुंपणापासून विहिरीपर्यंत ऐकू येतो, असे ठरवले. तसेच 'वीमुश' म्हणजे 'आम्ही येतो' आणि 'आम्ही पाहिले' सुद्धा. त्याला चित्र सापडले नाही. तो संदर्भानेच ओळखावा लागतो आणि माझी अजून फसगत होते.

सगळी रूपे ठेवायची नाहीत हे मला उशिरा कळले. नियमित शेवट चालीवर पाठ करावेत, आईसारखे. अनियमित क्रियापदाची दोनच रूपे महालात ठेवावीत. एक 'मी करतो', दुसरे 'त्यांनी केले'. 'करणे' म्हणजे 'फझेर'. 'मी करतो' हे 'फासु', त्यावरून 'करावे' या अर्थाचे 'फासा' आपोआप मिळते. 'त्यांनी केले' हे 'फिझेरांव', त्यातला शेवट काढला की 'जर करील तर' या अर्थाचे 'फिझेर' तयार. पहिल्या नियमाला सहा-सात अपवाद आहेत. दुसऱ्याला एकही नाही. एवढी काटकसर केली तर घरात गर्दी होत नाही.

याने मेंदू बदलतो का?

आता डॉक्टर म्हणून. लंडनमधल्या संशोधकांनी २००३ साली असामान्य स्मरणशक्तीच्या दहा माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा विशेष नव्हती आणि मेंदूची ठेवणही निराळी नव्हती. पण दहापैकी नऊ जण हीच स्थळांची रीत वापरत होते आणि पाठ करताना त्यांच्या मेंदूतले जागा-वाटा ओळखणारे भाग अधिक काम करत होते. २०१७ साली युरोपातल्या संशोधकांनी साध्या, सरावाशिवायच्या माणसांना रोज अर्धा तास असे चाळीस दिवस ही रीत शिकवली. आधी ७२ शब्दांपैकी त्यांना २६ ते ३० आठवत होते. शिकल्यावर सरासरी ३५ शब्द अधिक आठवू लागले, आणि चार महिन्यांनीही बराचसा फायदा टिकून होता. जागा ओळखण्याचे आणि आठवणीचे काम हिप्पोकॅम्पसमध्ये एकत्र चालते. तिथल्या 'स्थळपेशी' जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांत दाखवल्या आणि त्या कामासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या दांपत्यासह मिळाले. तेव्हा ग्रीक कवीची युक्ती निव्वळ युक्ती नव्हती.

पण यावरून ही रीत स्मृतिभ्रंश टाळते असा अर्थ कोणी काढू नये. तसे सिद्ध झालेले नाही. भाषेविषयी मात्र आपल्या देशातला एक महत्त्वाचा अभ्यास आहे. हैदराबादच्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती, निरक्षरांतसुद्धा. पण ती माणसे आयुष्यभर दोन भाषांत वावरलेली होती. साठीत पुस्तक उघडणाऱ्या माझ्यासारख्यांना तो हिशेब लागू करता येणार नाही. माझी आई तर तीन भाषा जाणते. सरासरी ती सरासरी.

रीतीची दुसरी मर्यादा बोलण्याची. रोमन शिक्षक क्विन्टिलियन याने पहिल्याच शतकात शंका काढली होती की, सलग बोलायचे तर प्रत्येक शब्दासाठी घरभर हिंडणार कसे? खरे आहे. समोरचा माणूस वाट पाहत असताना विहिरीवर जाऊन वीर बाहेर काढायला वेळ नसतो. पाडावर चढायला शिडी लागते तसा हा महाल. शब्द वापरात आला की चित्र आपोआप विरते. मला आता 'दार' म्हणताना आजी दिसत नाही, याचे थोडे वाईटही वाटते.

माझ्या रक्ताचा अहवाल सांगायचा राहिला. बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. शाकाहारी घरांत हे फार आढळते. इंजेक्शने घेतली. त्यानंतर औषधांची नावे अडणे थांबले. ते इंजेक्शनाने, महालाने, की मनातली भीती कमी झाल्याने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून वाचकांना सांगणे असे की, विसरणे वाढले तर आधी बी-१२, थायरॉईड, साखर, रक्तदाब तपासून घ्यावे. रोज घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. उदासीनतेनेही स्मरण मंदावते. कान नीट ऐकत नसतील तर यंत्र लावायला लाजू नये. ऐकूच न आलेले लक्षात कसे राहणार? चावी कुठे ठेवली ते विसरणे फारसे काळजीचे नाही. पण चावी कशासाठी असते ते कळेना, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, पैशांचा व्यवहार जमेना, दहा मिनिटांत तोच प्रश्न चार वेळा आला, तर थांबू नये.

आणि ज्यांना ही रीत करून पाहायची आहे त्यांनी पोर्तुगीजच शिकले पाहिजे असे नाही. कानडी शिका, औषधांच्या वेळा ठेवा, कीर्तनाचे आख्यान ठेवा. घर अगदी ओळखीचे घ्यावे. एकाच दिशेने चालावे. प्रथम दहाच जागा. त्याच रात्री पुस्तक मिटून एक फेरी, दुसऱ्या दिवशी एक, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. अडले तरी लगेच पुस्तक उघडू नये. आठवण्याची ती धडपडच आठवण पक्की करते.

आईची फेरी

घराची वाट आखताना मला काही जागा नीट आठवत नव्हत्या. एकदा सहज आईला विचारले, "आई, कण्हेर दाराच्या डावीकडे होती की उजवीकडे?" ती ताबडतोब म्हणाली, "उजवीकडे, शेराच्या कडेला. पण तुला कशी ठाऊक? ती तर माझ्या बाबांनी लावली." मग तिने मला आख्खे घर सांगितले. कोठाराच्या खोलीला दोन पायऱ्या होत्या, हे मी साफ विसरलो होतो. देवघराच्या उंबऱ्यावर पितळेची पट्टी होती. हे सांगणारी बाई त्याच आठवड्यात आमच्या घरात न्हाणीघर शोधत फिरत होती, कारण आम्ही तिचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला होता. आम्ही तो परत जुन्या जागी नेला. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी सामानाची हलवाहलव करू नये. नवा नकाशा मेंदूत उमटत नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाचला आई अस्वस्थ होते. या आजारात पुष्कळांना दिवेलागणीच्या सुमारास असे होते. पिशवी भरते आणि दाराशी जाऊन विचारते, "घरी कधी जायचं रे?" पूर्वी मी सांगायचो, "आई, हेच आपलं घर. पेडण्याचं घर केव्हाच विकलं." मग ती रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घर विकल्याची बातमी मी तिला रोज नव्याने देत होतो, हे ध्यानात यायला मला तीन वर्षे लागली.

आता मी पिशवी हातात घेतो आणि म्हणतो, "चल, जाऊया. कुठे आलो?" ती म्हणते, "पारापाशी." "पारापाशी काय करायचं?" "पारार," ती म्हणते, आणि दोघे थांबतो. मग व्हाळ, मग तार, मग ओसरी. माझी काही चित्रे तिला मान्य नाहीत. कुबेर आपल्याकडे कधी जेवायला आला नव्हता, असे तिने मला बजावले आहे. माझा 'वोश' राहून गेला की ती थांबून तो म्हणवून घेते. आजच्या पुस्तकांतून ते रूप गाळतात, तिच्या मास्तरणीला ते चालत नसे. कधी कधी ती अर्ध्यावर गप्प होते. गेल्या पावसाळ्यापासून राजांगणातले दोन खांब तिला आठवत नाहीत. तिथे मी नुसता हात धरून पुढे नेतो.

विहिरीपर्यंत पोचेस्तोवर बाहेर अंधार पडलेला असतो. ती खाटेवर बसते, पिशवी उशाशी ठेवते आणि विचारते, "कैरी पडली का रे?"

"पडली, आई."

"मग आण जा. सकाळी चटणी करीन."